बंदर हुकले तर हुकू द्या, निरोप वेळेवर द्या

प्रति,
मुंबई, गोवा, सिंगापूर आणि इतर बंदरांतून भारतीय प्रवासी नेणाऱ्या सर्व क्रूझ कंपन्यांचे प्रवासी सेवा विभाग यांस,

स.न.वि.वि.

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून क्रूझवर गट नेणारे सहल संयोजक. आमच्या गटांत निवृत्त शिक्षक असतात, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले असतात, उसाचे बिल जमा झाल्यावर ‘एकदा तरी मोठे जहाज बघूया’ म्हणून निघालेली निपाणीकडची शेतकरी जोडपी असतात. तिकीट तुमचे असते, पण विश्वास आमच्यावर टाकलेला असतो. म्हणून ठरलेले बंदर गळले, मार्ग बदलला, जहाज सुटायला सहा तास उशीर झाला की पहिला फोन आम्हाला येतो. आणि त्या घटकेला सांगण्यासारखे आमच्याही हातात काही नसते.

अलीकडे बऱ्याच जहाजांवर केबिनमध्ये येणारे छापील पत्रक बंद झाले आहे. कुठलाही प्रश्न विचारला तर ‘ॲपवर बघा’ हे एकच उत्तर मिळते. हे मुकाट्याने मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

जहाज बंदरात का नेले नाही, हा आमचा वाद नाही, हे आधीच सांगून टाकतो. दहा-बारा मजली जहाजाची बाजू म्हणजे वाऱ्यापुढे उभे केलेले शीडच. वारा ३० नॉटच्या, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास गेला की थ्रस्टरने, म्हणजे जहाज आडवे ढकलणाऱ्या पंख्यांनी, पूर्ण जोर लावूनही अरुंद धक्क्याला लागणे धोक्याचे होते. जिथे धक्काच नाही, नांगर टाकून टेंडर बोटींतून माणसे उतरवायची असतात, तिथे वारा पडलेला असतानाही लांबून येणारी लाट आडवी येते. उतरायचा फलाट जागच्या जागी, बोट मीटरभर वर-खाली, आणि मधल्या फटीवरून सत्तरीच्या आजींनी पाय टाकायचा. अशा वेळी कप्तानाने बंदर सोडून दिले तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. बंदर गाळायचा अधिकार करारात त्याला दिलेला असतो, आणि तो असायलाच हवा.

पण हवामानाचा अंदाज ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, आदल्या दिवशीच आलेला असतो. पक्का निर्णय सकाळी सहाला होतो हे खरे, शक्यता मात्र आदल्या संध्याकाळीच दिसत असते. ती प्रवाशांना सांगितली जात नाही. बहुधा लोक कुरकुर करतील, सहलींचे बुकिंग रद्द करतील, ही भीती असावी. सकाळी आठला टोपी घालून, पाण्याची बाटली भरून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘आज उतरायचे नाही’ म्हणून सांगितल्यावर तो कमी कुरकुरतो, असा तुमचा अनुभव असेल तर आमचा तसा नाही.

आता तक्रारी. पहिली निरोपाच्या वेळेची, आणि आम्हाला सगळ्यात जास्त छळणारी हीच.

मुंबईहून दुपारी जहाजावर चढायचे असेल तर दादरचा प्रवासी सकाळी दहाला टॅक्सी बोलावतो. बेळगावचा प्रवासी आदल्या रात्री आठच्या स्लीपर कोचमध्ये बसलेला असतो, आणि खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला त्याच्याही दोन-तीन तास आधी घरातून निघालेला असतो. रस्ता जवळपास ५०० किलोमीटरचा. ‘उद्या बोर्डिंग दुपारी दोनऐवजी रात्री आठला’ हा मेसेज तुम्ही रात्री साडेअकराला टाकता. दादरवाला सकाळी उठून सावकाश आंघोळ करतो, आमची बस मात्र तोवर कराड ओलांडून गेलेली असते. पहाटे सहाला उतरलेल्या चाळीस ज्येष्ठ माणसांना चौदा तास मुंबईत बसवायचे कुठे? संडास, आंघोळ, दोन वेळचे खाणे, पाठ टेकायला जागा, सगळे आमच्या अंगावर. तोच मेसेज दुपारी चारला आला असता तर रात्रीची बस रद्द करून पहाटे पाचला गाडी काढता आली असती, संध्याकाळपर्यंत माणसे आरामात धक्क्यावर पोचली असती. गोव्यातून चढायचे असले तर अंतर कमी, पण चोर्ला किंवा अनमोड घाट अंधारात आणि पावसात उतरायचा की नाही, हेही निरोपावरच ठरते.

तुमच्या संगणकात प्रत्येक प्रवाशाचा पत्ता आहे. कोण बंदरापासून किती लांब राहतो, हे पिनकोडवरून कळते. तरी सगळ्यांना निरोप एकाच वेळी जातो, म्हणजे लांबच्याला उशिराच जातो.

दुसरी तक्रार, निरोप जातो कुणाकडे? बुकिंग तुमच्याकडून मुंबई-दिल्लीच्या घाऊक एजंटाकडे, तिथून आमच्याकडे, आमच्याकडून प्रवाशाकडे येते. तुमच्याकडे नोंदलेला ईमेल बहुतेक वेळा त्या घाऊक एजंटाचा असतो. शनिवारी रात्री पाठवलेला बदल सोमवारी सकाळी त्याचे ऑफिस उघडल्यावर वाचला जातो. वीस केबिनच्या गटाला एकच संपर्क क्रमांक मागता, तो माणूस बसमध्ये झोपला की वीसच्या वीस केबिन अंधारात.

ॲपचेही असेच. जहाजाच्या वायफायवर तुमचे ॲप इंटरनेटचे पैसे न भरता चालते, हे आम्हाला माहीत आहे. पण ते घरून निघतानाच फोनमध्ये घेतलेले बरे. काही जहाजांवर समुद्रात गेल्यावर इंटरनेट पॅकशिवाय ते उतरवून घेता येत नाही. शिवाय खुल्या समुद्रात फोन चालू राहिला तर तो जहाजाचे उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल हजारांत येते, म्हणून आम्हीच सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकून घेतो. वायफाय पुन्हा वेगळे सुरू करायचे, ॲप उघडायचे, खाली सरकवत जाऊन सूचना शोधायची. साठीच्या पुढच्या दहा जणांपैकी किती जण हे करतात, ते तुमच्या रिसेप्शनवर उभे राहून एकदा मोजा.

तिसरी, जहाजावरची घोषणा. नेहमीची घोषणा कॉरिडॉरमध्ये आणि सार्वजनिक डेकवर ऐकू येते, केबिनच्या आत येत नाही. आत फक्त आणीबाणीची येते. ऐकायचे तर दार उघडून उभे राहा, नाहीतर टीव्हीवर ठरलेले चॅनल लावा. हे कुणी सांगितलेलेच नसते. वरच्या डेकवर वारा आणि पोहण्याच्या तलावापाशी गाणी. त्यातून जे कानावर पडते ते घाईचे इंग्रजी: स्वेल, टेंडर, ऑल अबोर्ड, रिव्हाइज्ड. मग सगळी जनता उठून रिसेप्शनकडे.

इथे साधा हिशेब मांडतो. ९०० केबिन, प्रत्येकीतून एकच माणूस विचारायला आला, एकेकाला ४ मिनिटे, खिडक्या ६. झाली ६०० मिनिटे, म्हणजे दहा तास. तेवढ्यात पुढचे बंदर येते. तीच माहिती एका कागदावर छापून दाराखाली सरकवायला केबिन अटेंडंटची एक फेरी पुरते. रात्री पलंग आवरायला तो येतोच.

भाषेचे म्हणाल तर जर्मन, स्पॅनिश, इटालियन, चिनी प्रवासी जिथे जास्त, तिथे दैनिक पत्रक त्या भाषेत निघते, घोषणाही होते. म्हणजे यंत्रणा आहे. सातबाराचा उतारा आणि सरकारी नोटीस मराठीतून मागण्यात या भागातल्या लोकांची हयात गेली, तेव्हा न कळणारा कागद हातात पडणे म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगायला नको. आमच्या गटांत कन्नड बोलणारे शेजारीपाजारीही असतात, त्यांची अडचण हीच. मराठी, कन्नड, हिंदी यांतला एक पर्याय बुकिंगच्या वेळी विचारून ठेवला तरी निम्मे काम होईल.

चौथी तक्रार ‘ऑपरेशनल कारणामुळे’ या शब्दांची. कारण लपवण्यात तुमची सोय होते, प्रवाशाचे पैसे बुडतात. कसे, ते सांगतो. प्रवास विम्याचा दावा करताना विमा कंपनी वाहतूकदाराचे लेखी पत्र मागते: काय बदलले, किती तास, कशामुळे. हवामान, यंत्रातला बिघाड, बंदर अधिकाऱ्यांचा निर्णय, आजारी प्रवाशासाठी वळवलेले जहाज, यातल्या प्रत्येकाला पॉलिसीत वेगळे कलम असते. ‘ऑपरेशनल’ असे लिहिलेले पत्र कुठल्याच कलमात बसत नाही. घरी पोचल्यावर पत्र मागितले तर ईमेलांचा खेळ महिनोन्महिने चालतो. आमच्या प्रवाशांना आम्ही आता सांगतो, जहाज सोडण्याआधी रिसेप्शनवर लेटरहेडवर पत्र घ्या: जहाजाचे नाव, सफरीचा क्रमांक, ठरलेले बंदर आणि वेळ, प्रत्यक्षातले बंदर आणि वेळ, कारण, सही, शिक्का. हे मागायला लागू नये. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री बिलासोबतच द्या.

घड्याळाचा घोळ थोडक्यात. भारताची वेळ आणि सिंगापूरची यांत अडीच तासांचा फरक, थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज आपली वेळ धरून चालते, फोन किनाऱ्याची पकडतो. ‘परतायची वेळ साडेतीन’ एवढेच लिहिले तर ती कुणाची साडेतीन? नेहमीच्या दिवशी निभावते, पण वेळ ऐनवेळी बदलली की माणूस धक्क्यावरच राहतो.

यापुढची तक्रार सामानाची. तुमच्या वरिष्ठांपैकी कुणाच्या ती लक्षातही आली नसावी. धक्क्यावर पोचताच हमाल टॅग लावून मोठ्या बॅगा घेतात, त्या केबिनच्या दारात चार-पाच तासांनी येतात. बोर्डिंग लांबणार हे तुम्हाला माहीत असताना बॅगा मात्र आधीच घेतल्या जातात. प्रवासी बाहेर, बॅग आत, आणि बॅगेत दुपारची बीपीची गोळी, इन्सुलिनची पेन, लहान मुलाचे कपडे. घरून आणलेल्या दशम्या-चटणीचा डबा आत नेता येत नाही म्हणून आधीच संपवलेला असतो. मधुमेही माणसाला दुपारी दोनला जेवायचे होते, त्याला संध्याकाळी सहापर्यंत खुर्चीवर बसवून ठेवता, तेव्हा त्याला ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ नको असते. त्याला दोन पोळ्या आणि भाजी हवी असते. जैन प्रवाशाला कांदा-लसूण नसलेले काहीतरी. उतरण्याच्या आदल्या रात्री हेच उलट होते. बॅगा रात्री अकराच्या आत दाराबाहेर ठेवायला लावता, आणि पहाटे कळते की जहाज दुपारपर्यंत लागत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी, औषधाविना अर्धा दिवस.

पैशाचे आणि कागदपत्रांचे. बंदर गळले की त्या बंदराचे शुल्क परत येते, पण ते केबिनच्या खात्यावर डॉलरमध्ये जमा होते आणि कशाचे किती हे लिहिलेले नसते. काही वेळा ते ‘जहाजावरच खर्च करा’ प्रकारचे क्रेडिट असते आणि कळते शेवटच्या रात्री, मग लोक गरज नसलेली अत्तरे घेतात. जे कार्डावर परत जाते ते ज्या कार्डावरून भरले त्यावर, म्हणजे एजंटाच्या. प्रवाशाला पत्ताच नसतो. तुमच्याकडून घेतलेल्या किनारा सहलीचे पैसे परत मिळतात, बाहेरून ठरवलेल्या गाडीचे मिळत नाहीत, हा फरक चढण्यापूर्वीच सांगायला हवा. आणि पर्यायी बंदर जाहीर करताना भारतीय पासपोर्टवाल्याला तिथे उतरता येईल का, वेगळा व्हिसा किंवा आगमनाचा डिजिटल अर्ज लागतो का, तो कंपनी भरते की प्रवासी, हे त्याच वाक्यात सांगा. सिंगापूरला परत येऊन उतरायचे असते, त्यासाठी पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, हेही काही जणांना धक्क्यावर कळते.

यात अशक्य असे काहीच नाही. वेळेवर माहिती द्यायला हवी, हे तुमच्याच उद्योगाने आणि युरोपच्या कायद्याने लेखी मान्य केले आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया रात्री ९:४५ ला खडकावर आदळले. प्रवाशांना विजेचा बिघाड झाल्याचे सांगण्यात आले, जहाज सोडायचा इशारा १०:५४ ला झाला, ३२ माणसे गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फच्या इंजिनरूमला आग लागून ४,००० हून जास्त माणसे मेक्सिकोच्या आखातात अनेक दिवस अडकली. त्याच वर्षी मे महिन्यात तुमच्याच उद्योगाच्या क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशनने प्रवाशांच्या हक्कांची दहा कलमी सनद काढली. यांत्रिक बिघाड किंवा आणीबाणीत मार्ग बदलला तर वेळेवर माहिती मिळणे हा त्यात हक्क म्हणून लिहिला आहे. हवामानामुळे गळलेल्या बंदराला मात्र ती ओळ लागू होत नाही, आणि आमच्या प्रवाशांच्या वाट्याला जास्त करून तेच येते. युरोपीय संघाचा २०१० सालचा ११७७ क्रमांकाचा नियम तिथल्या बंदरातून निघणाऱ्या क्रूझलाही सांगतो की उशीर झाला तर ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांच्या आत प्रवाशांना कळवा, ९० मिनिटांहून जास्त लांबणार असेल तर खाण्यापिण्याचे बघा. तिथे जमते ते बॅलार्ड पिअरवर का जमू नये?

आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, दोन वर्षांच्या आत करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ही धमकी नव्हे. आमच्या प्रवाशांनाही हे माहीत असावे म्हणून लिहिले.

आमच्या मागण्या अशा:

१. निघण्याच्या वेळेत दोन तासांहून जास्त बदल होण्याची शक्यता असेल तर आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत कळवा. पक्के नसेल तर ‘पक्के नाही, रात्री आठला पुन्हा कळवू’ असे कळवा.

२. प्रत्येक केबिनमागे प्रवाशाचा एक आणि गटप्रमुखाचा एक, असे दोन मोबाइल क्रमांक नोंदवा. एसएमएस, व्हॉट्सॲप आणि ईमेल तिन्हींवर पाठवा. एजंटाला प्रत द्या, फक्त एजंटाला नको.

३. सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते, सात आखूड आणि एक लांब भोंगा सगळ्यांना ओळखून घ्यायला लावता. त्याच वेळी एक मिनिट द्या: बदलाची सूचना कुठे दिसेल, टीव्हीचे चॅनल कोणते, वेळ कुणाची धरायची.

४. बोर्डिंग लांबले तर बॅगा घेण्याआधी सांगा आणि औषधे हातात ठेवायला लावा. दोन तासांपुढे पाणी, चहा आणि शाकाहारी खाणे द्या, बसायला खुर्च्या द्या. जहाज उशिरा लागणार असेल तर दाराबाहेरच्या बॅगा परत आत घ्यायची मुभा द्या.

५. प्रत्येक मोठ्या बदलाचा छापील कागद केबिनच्या दारात. अक्षर मोठे, भाषा प्रवाशाने निवडलेली.

६. कारणासह सही-शिक्क्याचे पत्र आणि परत मिळणाऱ्या रकमेचा खुलासा, दोन्ही उतरण्यापूर्वी.

पाचव्या मागणीतला कागद कसा असावा असा प्रश्न पडू नये म्हणून मजकूरच देतो. रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या:

‘आज, ……वार. जहाजाच्या घड्याळात सकाळचे ६:४०. तुमच्या फोनमध्ये एक तास कमी दिसू शकतो, जहाजाचे घड्याळ धरा.
काय झाले: लाटा जास्त असल्यामुळे छोट्या बोटीत उतरणे धोक्याचे आहे.
काय ठरले: आज …… येथे उतरायचे नाही. जहाज उद्या सकाळी ……ला …… येथे लागेल. तिथे भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागतो / लागत नाही.
पैसे: आमच्याकडून घेतलेल्या सहलीचे पूर्ण पैसे आणि बंदर शुल्क प्रत्येकी …… तुमच्या खात्यावर जमा होईल. न वापरलेली रक्कम परत मिळेल / मिळणार नाही.
जेवण: नाश्ता अकरापर्यंत चालू. शाकाहारी आणि जैन जेवण …… मजल्यावर.
पुढची सूचना: ९:०० वाजता, नवीन काही नसले तरी.’

यातली शेवटची ओळ कृपा करून गाळू नका. घाटात गाडी अडकली तरी लोंढा स्टेशनचा स्टेशनमास्तर दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन ‘अजून लाइन मिळाली नाही’ म्हणतो, तेवढ्यावर माणसे फलाटावर शांत बसतात. नऊला पुन्हा कुणीतरी बोलणार आहे एवढे माहीत असले की खिडकीपुढची रांगही अर्धी होते, हे तुमच्याच माणसांच्या सोयीचे आहे.

दिवाळीनंतरच्या गटांची नोंदणी आम्ही गणपतीनंतर सुरू करतो. त्याआधी वरच्या सहा मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती नाही आणि का नाही, हे प्रत्येक कंपनीने लेखी कळवावे. जे उत्तर येईल ते, नकार असला तरी, नोंदणीला आलेल्या माणसाला पैसे भरण्याआधी जसेच्या तसे वाचून दाखवू.

कळावे,
आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी भागातील सहल संयोजक